एकच लाकडी नंदी, तीन सॉफ्टवेअर: टेक्स्चर पेंटिंगसाठी काय घ्यावं?

थ्रीडी मॉडेलिंग आजकाल बरीच पोरं घरबसल्या शिकून राहिली, पण टेक्स्चरवर, म्हणजे मॉडेलवर रंग आणि पोत चढवण्यावर, आलं की गाडी अडते आणि पहिला प्रश्न ठरलेला, भाऊ सॉफ्टवेअर कोणतं घेऊ? नुसती फीचरची यादी वाचून काही ठरत नाही, म्हणून मी एकच मॉडेल घेतलं, तान्ह्या पोळ्याचा चाकं लावलेला लाकडी नंदी, आमच्या माळ्यावर आहे तोच खाली काढून टेबलावर ठेवला आणि त्याला बघून बघून सबस्टन्स पेंटर, ब्लेंडर आणि थ्रीडी कोट, तिन्हीत रंगवला.

आधी तो नंदी नीट बघा, कारण सगळा निकाल तिथेच लागते. रंग सगळ्या कडांवर सारखा उडालेला नाही. वशिंडावर जास्त उडाला, कारण पोरं तिथूनच धरून उचलतात. गळ्याला दोरी बांधून बोजारा मागत घरोघर ओढत नेतात, तिथे घासून घासून आतलं लाकूड दिसते, आणि चाकांच्या मधे कोणाचा हातच पोचत नाही तर तिथला रंग अजून ताजा, वर नुसती जुनी धूळ. कपाळावर दरवर्षीचं हळदकुंकू एकावर एक बसून डाग पक्का झालाय.

सबस्टन्स पेंटरमध्ये मॉडेल टाकलं, मॅप बेक केले (म्हणजे मॉडेलच्या आकाराची माहिती चित्रांत उतरवून घेतली), रंगवलेल्या लाकडाचा स्मार्ट मटेरियल, म्हणजे तयार थरांचा संच, सोडला आणि मिनिटभरात नंदी जुना दिसायला लागला. खरंच भारी वाटते. मॉडेलची कड कुठे आहे, खाच कुठे आहे हे बेक केलेल्या मॅपवरून त्याला कळते, म्हणून कडांवर रंग उडवणं आणि खाचेत धूळ भरणं तो आपोआप करते. पण आता पोटाखाली आणि कानाच्या आतल्या बाजूलाही तेवढाच रंग उडालेला, जिथे आयुष्यात कोणी हात लावला नाही! त्यामुळे ही झीज आपोआप करणाऱ्या जनरेटरच्या वर पेंट लेयर घेऊन नको तिथली झीज हातानेच पुसावी लागते आणि वशिंडावरची वाढवावी लागते. हे काम पेंटरमध्ये सगळ्यात सोपं आहे, मास्क, म्हणजे थर कुठे दिसावा कुठे नाही ते ठरवणारा पडदा, कधीही बदलता येते, खालचं काही खराब होत नाही. दुसरी मोठी गोष्ट म्हणजे तो तुमचे स्ट्रोक लक्षात ठेवते, त्यामुळे लॅपटॉप साधा असला तर १०२४ पिक्सेलच्या टेक्स्चरवर काम करा आणि एक्सपोर्ट करताना ४०९६ घ्या, रेषा नव्याने काढल्यासारख्या स्वच्छ येतात. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, लॅपटॉप तापून स्लो पडते, तेव्हा ही सोय किती कामाची आहे ते वापरणाऱ्यालाच कळते.

पैशाचं बघा. पेंटर मूळचं फ्रान्सच्या अलेगोरिदमिक कंपनीचं, २०१४ मध्ये आलं, २०१९ मध्ये ॲडोबीने कंपनीच विकत घेतली, आता महिन्याचं भाडं आहे. आणि फोटोशॉपवाला पूर्ण पॅक घेतला तर त्यात हे येईल असं समजू नका, याचा प्लॅन वेगळा आहे. स्टीम नावाच्या ऑनलाइन दुकानात एकदाच पैसे भरून त्या वर्षाचं व्हर्जन मिळते, ते आपल्याकडे राहते पण पुढच्या वर्षाचे अपडेट नाही. शिकणाऱ्याला तेवढं पुरते, मी तर तेच सांगीन. कॉलेजमध्ये असाल तर विद्यार्थ्यांच्या लायसन्सची चौकशी आधी करा.

ब्लेंडर फुकट आहे, आणि फुकट आहे म्हणून कमी समजू नका. पण पेंटिंगमध्ये लेयरची चळत मुळात नाही, प्रत्येक थर नोड, म्हणजे एकेक काम करणारे छोटे डबे, जोडून स्वतः बनवावा लागते, किंवा यूकूपेंट नावाचं फुकटचं ॲडऑन टाकायचं, ते टाकलं की बरंच काम सोपं होते. इथे रंगवलेलं थेट पिक्सेलमध्ये बसते, म्हणजे इमेज केवढी घ्यायची ते सुरुवातीलाच ठरवा. आणि हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, ब्लेंड फाइल सेव्ह केली म्हणजे टेक्स्चरची इमेज सेव्ह झाली असं नाही, ती वेगळी सेव्ह करायची. माझा नंदी ब्लेंडरमध्ये सगळ्यात उशिरा झाला, पण मास्क म्हणजे काय, रफनेस (खडबडीतपणा) कशाने बदलते, घुंगरांना मेटॅलिक (धातूपणा) १ आणि लाकडाला ० का द्यायचं, हे डोक्यात पक्कं इथेच बसलं, कारण तयार काहीच मिळत नाही.

थ्रीडी कोट युक्रेनच्या पिलग्वे कंपनीचं. याची मजा हाताने रंगवण्यात आहे. नंदीच्या पाठीवरची झूल, तिच्यावरची नक्षी, डोळ्याची काळी रेघ, हे सगळं इथे जेवढं मनासारखं झालं तेवढं बाकी दोन्हीत नाही. लेयर फोटोशॉपसारखे, आणि समोरचा व्ह्यू सरळ फोटोशॉपमध्ये पाठवून, रंगवून परत आणता येते. स्कल्प्टिंग, रीटोपो (मॉडेलची जाळी नव्याने बांधणं), यूव्ही (मॉडेलचा पृष्ठभाग उलगडून सपाट करणं) पण आतच. कायमचं लायसन्स मिळते. इंटरफेस मात्र गच्च भरलेला आहे, पहिला आठवडा बटणं शोधण्यातच जाते.

मारी नावाचं चौथं टेक्स्चर पेंटिंगचं सॉफ्टवेअर आहे, त्याचं थोडक्यात. न्यूझीलंडच्या वेटा स्टुडिओत सिनेमाच्या कामासाठी बनलं, २०१० पासून फाउंड्री कंपनी विकते. एका मॉडेलला शेकडो यूडीआयएम टाइल (टेक्स्चरचे वेगवेगळे तुकडे), १००१ पासून नंबर चालू, अशा कामाला त्याच्यासारखं दुसरं नाही. व्हीएफएक्सलाच, म्हणजे सिनेमातल्या इफेक्टच्या कामालाच, जायचं ठरलं असेल तर शिका, नाहीतर आत्ता त्याच्या मागे लागू नका.

माझं मत विचाराल तर पुणे-मुंबई-हैदराबादच्या गेम स्टुडिओत नोकरी हवी असेल तर पेंटरच घ्या, जाहिरातीत नाव तेच असते, दुसरा विचार करू नका. स्वतःचा छोटा गेम, कार्टूनसारखी हाताने रंगवलेली स्टाइल, चित्रकलेचा हात चांगला, तर थ्रीडी कोट. आणि खिशात आत्ता काहीच नसेल तर थांबू नका बाप्पा, ब्लेंडर आजच टाका, पेंटरवर नंतर गेलात तरी शिकलेलं वाया जात नाही.

एक बारीक गोष्ट राहिली, पेंटरमध्ये नवीन प्रोजेक्ट उघडताना नॉर्मल मॅप (बारीक उंचसखल दाखवणारं चित्र) डायरेक्टएक्स पद्धतीचा की ओपनजीएल पद्धतीचा ते बघून घ्या. गेम बनवायच्या अनरियल इंजिनला डायरेक्टएक्स लागते, युनिटी इंजिन आणि ब्लेंडरला ओपनजीएल. उलटं झालं तर खाच उंचवट्यासारखी दिसते आणि माणूस दोन दिवस लाइट बदलत बसते. आणि ट्रायल सुरू करायच्या आधी मॉडेल आणि यूव्ही पूर्ण तयार ठेवा, म्हणजे मिळालेले सगळे दिवस रंगवण्यातच जातील.