शाळेच्या जुन्या लॅपटॉपवर स्क्रॅच, टर्बोवॉर्प आणि थॉनी : वर्षभराच्या वापरानंतर

करवीर तालुक्यातल्या एका शाळेत मी गणित शिकवतो, संगणकाचा तासही माझ्याच गळ्यात आहे. देणगीत मिळालेले लॅपटॉप चार जीबी रॅमचे, बॅटरी नावालाच आणि इंटरनेट म्हणजे माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट. त्यामुळे जे उघडताच लॉगिन मागतं, ते कितीही देखणं असलं तरी आमच्याकडे चालत नाही. वर्षाची फी घेणारं एक ॲप विकायला आलेल्या माणसानं डेमो झकास दाखवला; आमच्या वर्गात मात्र नुसतं चक्र फिरत राहिलं.

सहावी-सातवीला स्क्रॅचच, म्हणजे सूचनांचे रंगीत ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायचं साधन. एमआयटी मीडिया लॅबनं २००७ मध्ये आणलेलं, फुकट, आणि एकदा टाकलं की नेटची गरज नाही. पण विंडोज १० लागतं. ज्या मशीनना ते झेपत नव्हतं त्यांच्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम घातली, तर लिनक्ससाठी स्क्रॅचचं अधिकृत ॲपच नाही. तिथं टर्बोवॉर्प कामी आलं. स्क्रॅचच्याच फाईल त्यात उघडतात, धावतात जास्त वेगानं. शिवाय ते मधूनमधून काम आपोआप राखून ठेवतं. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही, आणि स्क्रॅचच्या ॲपमध्ये सेव्ह करायचं राहिलं की तासभराची मेहनत गेली. म्हणून आता विंडोजवरही टर्बोवॉर्पच.

कोल्हापूरची फुटबॉलवेडी पोरं, म्हणजे पहिला गेम पेनल्टी किकचाच. चेंडू जाळीला लागला की स्कोअर एकनं वाढवायचा. प्रोग्रॅम सुरू करणारा हिरवा झेंडा दाबला, किक मारली आणि मागून ओरड, "सर, एका किकमध्ये चाळीस गोल!" चेंडू जाळीला लागला का ही तपासणी ‘फॉरेव्हर’च्या, म्हणजे आतल्या सूचना पुन्हापुन्हा चालवत राहणाऱ्या ठोकळ्याच्या, आत होती. ते सेकंदाला तीसदा फिरतं, आणि चेंडू जाळीत पडून राहिलेला. मी काही बोललो नाही. शेवटच्या बाकावरच्या मुलीनं गोल होताच चेंडू परत ठिपक्यावर ठेवला आणि आकडा ताळ्यावर आला. लूप, म्हणजे अशी पुन्हापुन्हा फिरणारी सूचना, म्हणजे काय हे फळ्यावर शिकवायला मला याच्या दुप्पट वेळ लागला असता.

आठवी-नववीला थॉनी, पायथन या भाषेत प्रोग्रॅम लिहायचं साधन. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तयार झालेलं. विंडोजवर पायथन त्याच्यासोबतच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. डीबगरनं, म्हणजे चूक शोधायच्या सोयीनं, प्रोग्रॅम एकेक पायरी पुढं नेला की शेजारच्या चौकटीत व्हेरिएबलची (नाव देऊन साठवलेल्या माहितीची) किंमत बदलताना दिसते. माझ्या मते या एकाच गोष्टीसाठी ते घ्यावं. सुरुवात टर्टलनं केली, म्हणजे सूचना देऊन पडद्यावर रेषा काढणाऱ्या पायथनमधल्या कासवानं. एक सूचना आधीच द्या : फाईलला turtle हेच नाव देऊ नका. पायथन खरं टर्टल सोडून तीच फाईल उघडतं आणि ‘फॉरवर्ड’ माहीतच नाही म्हणतं. दर बॅचला कुणीतरी हे करतंच.

पायथनमध्ये व्हेरिएबलला ‘गुण’ असं मराठी नाव चालतं. प्रोग्रॅमनं ‘इनपुट’नं विचारल्यावर ४५ देवनागरीत टाईप केले तरी अक्षरांचा पूर्णांक करणारं ‘इंट’ त्याचा बरोबर आकडा करतं. उत्तर मात्र इंग्रजी अंकांतच येतं. पोरं यावर जाम खूश. फक्त आमच्या लिनक्सवर थॉनीत जोडाक्षरं विस्कटतात, म्हणून मराठी नावांचे प्रोग्रॅम करायचे असले की विंडोजच्या मशीनसाठी झुंबड उडते.