पसंतीक्रम लॉक करण्याआधी: जिल्हा परिषदेची शाळा की अनुदानित संस्था?

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरताना कोल्हापूरचा उमेदवार बहुधा पगार आणि घरापासूनचं अंतर एवढंच बघतो. पण पगारात फरक नाहीच. सातव्या वेतन आयोगानुसार प्राथमिक शिक्षक एस-१० या वेतनस्तरात (मूळ वेतन २९,२०० पासून) आणि माध्यमिकचा प्रशिक्षित पदवीधर एस-१४ मध्ये (३८,६०० पासून) बसतो. शाळा जिल्हा परिषदेची असो वा शंभर टक्के अनुदानित. पहिली तीन वर्षं मात्र या वेतनाऐवजी शिक्षण सेवकाचं मानधन मिळतं. २०२३ पासून ते प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार आहे. निवृत्ती दोन्हीकडे ५८व्या वर्षी. नव्याने लागणाऱ्याला जुनी पेन्शन कुठेच नाही.

फरक पडतो तो नियुक्ती कोण देतं, बदली कोण करतं आणि नोकरीवर गदा आली तर दाद कुठे मागायची, यात.

नेमणूक आणि कागद

जिल्हा परिषदेत नियुक्ती प्राधिकारी मुख्य कार्यकारी अधिकारी (सीईओ). तुम्ही जिल्हा सेवेतले वर्ग-३ कर्मचारी होता. पद मंजूर, बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या आरक्षणाचं, याची नोंद) तपासलेली, आदेश सरकारी; उमेदवाराने रुजू व्हायचं आणि सेवापुस्तकात नोंद झाली का ते बघायचं.

अनुदानित शाळेत पगार शासन देतं, पण मालक संस्थाच. शिक्षणाधिकारी फक्त मान्यता देतो. ही गल्लत अनेकांना महागात पडते. संस्थेचा नियुक्ती आदेश, हजर अहवाल, शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता, शालार्थ आयडी (ऑनलाइन पगार प्रणालीतला क्रमांक) आणि मग वेतन पथक या शासकीय कार्यालयाकडून पगार, अशी ही साखळी आहे. बिंदुनामावली मागासवर्ग कक्षाकडून तपासून घेतलेली नसेल, संचमान्यतेत (पटसंख्येवरून ठरणाऱ्या मंजूर पदांच्या तक्त्यात) ते पद दिसत नसेल किंवा त्याच पदावर आधीच्या कर्मचाऱ्याचा वाद चालू असेल, तर मान्यता अडते. आपण रोज तास घेतो, हजेरीपटावर सह्या करतो, पण पगार सुरू होत नाही. म्हणून नियुक्ती आदेश खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीतल्या अनुसूची 'ड' च्या नमुन्यातच घ्यावा. साध्या लेटरहेडवरच्या चार ओळींवर समाधान मानू नये.

शाळा २०, ४०, ६० किंवा ८० टक्के अशा टप्पा अनुदानावर (टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या अनुदानावर) असेल तर शासनाचा पगारही तेवढाच येतो. पोर्टलवर संस्थेचं नाव बघून थांबू नका, त्या तुकडीचं अनुदान बघा.

बदली

इथे जिल्हा परिषदेचं पारडं हलकं आहे. जिल्ह्यात कुठेही जावं लागतं, आणि कोल्हापूर जिल्हा म्हणजे शिरोळचा सपाट मळाच नव्हे; गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडचे डोंगरही त्यातच येतात. ऑनलाइन बदली धोरणात पती-पत्नी एकत्रीकरण, गंभीर आजार, दिव्यांगत्व, अवघड क्षेत्रातली सेवा यांना प्राधान्य असतं. निकष लेखी असतात, ही त्यातली चांगली बाजू.

अनुदानित शाळेत एकाच गावात आयुष्य निघू शकतं, पण संस्था एकशाळी असेल तरच. रयत शिक्षण संस्था किंवा कोल्हापूरची स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था यांचा पसारा अनेक जिल्ह्यांत आहे, आणि १९८१ च्या नियमावलीतला नियम ४१ एकाच व्यवस्थापनाच्या शाळांमध्ये बदलीला मुभा देतो. एकशाळी संस्थेत दुसराच धोका असतो. पट घसरून पद अतिरिक्त ठरलं तर समायोजन दुसऱ्या संस्थेत, आणि ती संस्था रुजू करून घ्यायला टाळाटाळ करू शकते. जिल्हा परिषदेत अतिरिक्त झालात तरी मालक तोच राहतो.

वाद झाला तर

खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम आहे, आणि तो विनाअनुदानित शाळांनाही लागू होतो. बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती किंवा पदोन्नतीत डावलणं यांविरुद्ध कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणात अपील होतं. मुदत आदेश मिळाल्यापासून ३० दिवस. संस्थाचालकांशी बोलणी करण्यात हेच दिवस जातात. उशीर सबळ कारण दाखवून माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. कामगार न्यायालयाची वाट धरू नका. शिक्षक 'कामगार' नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच ठरवलं आहे.

निलंबनापूर्वी संस्थेने शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. घेतली तर पहिले चार महिने निर्वाहभत्ता शासनाकडून, नंतर संस्थेकडून. न घेतल्यास पहिल्या दिवसापासून संस्थेच्या खिशातून. चौकशी समितीत तिघे असतात: एक संस्थेचा, एक पुरस्कारप्राप्त शिक्षक आणि एक तुम्ही निवडलेला खाजगी शाळेतला कर्मचारी. आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क कधीही सोडू नका.

राजीनामा कोरा लिहून घेण्याची सवय काही ठिकाणी आहे. १९७७ च्या अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे तो दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख घालून करायचा असतो. एक प्रत नोंदणीकृत टपालाने पाठवता येते, दुसरी आपल्याजवळ ठेवायची. बिनतारखेच्या कागदावर सही मागितली तर देऊ नका.

जिल्हा परिषद शिक्षकाला शाळा न्यायाधिकरण नाही. सीईओंच्या शिस्तभंगाच्या आदेशावर पुण्याच्या विभागीय आयुक्तांकडे अपील, पुढे उच्च न्यायालय. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. संस्थेच्या शिक्षकालाही न्यायाधिकरणाच्या निकालानंतर तिथेच जायचं असतं.

टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) मात्र पहिली ते आठवीसाठी दोन्हीकडे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानुसार आधीपासून नोकरीत असलेल्या आणि पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्या, पहिली ते आठवीच्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हावी लागेल. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे आहे.

आमचं मत विचाराल तर डोंगरात तीन-चार वर्षं काढायची तयारी असेल तर जिल्हा परिषद वर ठेवावी. माध्यमिकलाच शिकवायचं असेल, किंवा घरच्या जबाबदारीमुळे गाव सोडता येत नसेल, तर पूर्ण अनुदानित शाळा वर. टप्पा अनुदानाची शाळा त्यानंतर. मुलाखतीला गेलात की तीन कागद मागा: चालू वर्षाची संचमान्यता, तपासलेली बिंदुनामावली आणि त्या पदावरच्या आधीच्या शिक्षकाची मान्यता किंवा निवृत्तीचा आदेश.