दुकानाच्या फोनवर आलेली लग्नपत्रिका

लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, आमची आडत आहे; शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून द्यायचं दुकान. सोयाबीनच्या हंगामात दुकानात माणसांपेक्षा फोन जास्त राबतो. सौद्याचे भाव ग्रुपवर टाकायचे, पट्टीचा, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या कागदाचा, फोटो शेतकऱ्याला पाठवायचा, ऑइल मिलवाल्याशी बोलायचं आणि पट्टीची रक्कम खात्यावर सोडायची. हे सगळं एकाच फोनवर, आणि तो फोन दिवसभर गादीवर पडलेला. दिवाणजी, पुतण्या, वेळ पडली तर मापाडीसुद्धा तो उचलायचा. मोंढ्यात बहुतेक दुकानांत असंच चालतं, म्हणून हे लिहितोय.

तुळशीचं लग्न उरकलं की पत्रिका सुरू होतात, आणि हल्ली त्या व्हॉट्सअ‍ॅपवरच येतात. औसा तालुक्यातल्या एका जुन्या शेतकऱ्याच्या नंबरावरून ‘सहकुटुंब यायचं’ असा मेसेज आला, खाली फाइल. नंबर ओळखीचा, नावही सेव्ह केलेलं. दिवाणजींनी उघडली. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ होतं, म्हणजे ती पत्रिका नसून अख्खं अ‍ॅप होतं. फोनने अनोळखी अ‍ॅपबद्दल विचारलं, मग मेसेज वाचायची परवानगी मागितली, मग फोटोंची. प्रत्येक ठिकाणी ‘अलाऊ’. शेवटी पांढरा पडदा आला आणि पत्रिका काही दिसली नाही. बाहेर टेम्पो लागला होता, हमाल हाका मारत होते. दिवाणजी उठून गेले. त्यांना मी बोल लावत नाही. ओळखीच्या माणसाची पत्रिका उघडायची नाही, असं आपल्याकडे कुणी शिकवलंय?

त्या शेतकऱ्यालाही बिचाऱ्याला पत्ता नव्हता. त्याच्या फोनमध्ये ते अ‍ॅप आधीच शिरलं होतं आणि तिथून ती फाइल त्याच्या सगळ्या नंबरांना आपोआप सुटत होती.

आमच्या फोनमध्ये शिरल्यावर त्या अ‍ॅपने येणारे एसएमएस परस्पर चोरांकडे पाठवायला सुरुवात केली. बँकेचा ओटीपी त्यांच्याकडे पोचायचा आणि आमच्या पडद्यावर काहीच उमटायचं नाही. उरलेलं काम गॅलरीने केलं. व्यापाऱ्याच्या फोनची गॅलरी कधी नीट बघा: रद्द केलेला चेक, पॅन, आधार, जीएसटीचं सर्टिफिकेट आणि आमच्या बाबतीत डेबिट कार्डाचे पुढचे-मागचे फोटोही, कारण कधीतरी कुणीतरी मागितले होते. तेवढ्यावर नेट बँकिंगचा पासवर्ड बदलला गेला आणि चालू खात्यातून सव्वातीन लाखांच्या आसपास रक्कम तुकड्या-तुकड्यांनी निघाली.

आम्हाला कळलं ते बँकेकडून नाही. निलंग्याकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला, “लगीन कुणाचं काढलाव मालक? पत्रिका उघडंना गेलीय.” आमच्या घरात तर लग्नाचं कुणी नव्हतं. तोवर आमच्या नावाने तीच फाइल सौद्याच्या भावाच्या प्रत्येक ग्रुपवर गेली होती. ज्यांनी माझ्या भरवशावर माल घातला, त्यांच्याच फोनमध्ये मी चोर पाठवला असं झालं. पैशाचं दुःख आहेच, पण ते फोन करताना जी लाज वाटली ती वेगळी. “कालची पत्रिका आमची नाही, उघडू नका,” असं एकेकाला सांगत बसलो. दोघा-तिघांनी आधीच उघडली होती.

त्या घाईतही पुतण्याने दोन कामं बरोबर केली. फोन विमान मोडवर टाकला आणि दुसऱ्या फोनवरून १९३० लावला. ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. तिथे तक्रार नोंदली की पैसा ज्या-ज्या खात्यांत फिरतो तिथे तो अडवायचा निरोप बँकांना जातो. म्हणून आधी हा नंबर लावा. शाखेत जाऊन अर्ज लिहिणं नंतर. आमचे लाखभर रुपये वाटेत अडले. बाकीचे तोवर काढून झाले होते. अडलेले पैसेही आपोआप परत येत नाहीत, त्यासाठी बहुतेकदा कोर्टाचा आदेश लागतो. फोन लगेच रिसेट मारू नका, पोलिसांना त्यातलं अ‍ॅप बघायचं असतं.

बँकेने काय म्हणावं? ‘परवानगी तुम्हीच दिली.’ रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात म्हटलंय की चूक ना बँकेची ना ग्राहकाची, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही. पण ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरला, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. आमचा वाद नेमका या फटीत अडकलाय. ओटीपी आम्ही कुणाला सांगितलाच नाही, तो चोरला गेला, हे लेखी मांडलंय.

आता बँकेला जोडलेलं सिम साध्या बटणाच्या फोनमध्ये आहे आणि तो फोन तिजोरीत. त्यावर एपीके चालतच नाही. ऑइल मिलवाले हसतात, हसू देत. चालू खात्यावर एकाने रक्कम भरायची, दुसऱ्याने मंजूर करायची अशी सोय बँकेकडून करून घेतली. रोजची मर्यादाही खाली आणली. हंगामात त्याचा जाच होतो, पट्टी कधी दुसऱ्या दिवसावर जाते आणि शेतकरी कुरकुरतात. व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप पिन लावला. गॅलरीतली कागदपत्रं पुसली.

एक राहिलंच. तक्रारीनंतर फोन येतात: “सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडली, सोडवायला एवढी फी भरा.” मलाही आला. बोलणारा मराठीच होता, अदबीने ‘साहेब’ म्हणत होता, आणि आमची किती रक्कम गेली हेही त्याला ठाऊक होतं. अडलेली रक्कम सोडवायला पोलीस फोनवर फी मागत नाहीत. त्याचा नंबरही मी तक्रारीत घातलाय.