नोकरी सोडून कमर्शियल पायलट: शैक्षणिक कर्ज आणि फ्लाइंग स्कूल या जोडीचं परीक्षण

तिशीच्या आसपास आयटीतली, बँकेतली किंवा कारखान्यातली नोकरी सोडून वैमानिक व्हायचं ठरवलं, की दोन दारं ठोठवावी लागतात. एक बँकेचं, दुसरं फ्लाइंग स्कूलचं. दोन्हींचा अनुभव लोक वेगवेगळा सांगतात, पण खिशाला झळ बसते ती दोन्हींची गाठ नीट बसली नाही तर. म्हणून इथे परीक्षण जोडीचं आहे: सरकारी बँकेचं शैक्षणिक कर्ज आणि देशातल्या डीजीसीए-मान्य (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता असलेल्या) संस्थेतला सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना. मत आधीच सांगतो. कर्ज चांगलं आहे, पण ते सीपीएलपुरतंच घ्यावं. आणि संस्था निवडताना फीचा आकडा दुसरा बघावा. पहिला बघावा तो महिन्याला प्रत्यक्ष किती तास उडायला मिळतात याचा.

खर्चाचा अंदाज असा. मल्टी-इंजिनसह २०० तासांचा सीपीएल साधारण ४५ ते ६० लाखांत होतो. त्यावर दोन वर्षांचं राहणं-जेवण, ग्राउंड क्लास, परीक्षा, मेडिकल, हेडसेट, गणवेश. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ चं टाइप रेटिंग (त्या ठरावीक विमानासाठीची पात्रता) वेगळं, तेही साधारण १५ ते २० लाख. एअरलाइनच्या कॅडेट प्रोग्रॅमला गेलात तर एकूण आकडा कोटीच्या आसपास जातो.

आता कर्ज. इंडियन बँक्स असोसिएशनची जी आदर्श शैक्षणिक कर्ज योजना बहुतेक सरकारी बँका वापरतात, तिच्यात डीजीसीए-मान्य पायलट ट्रेनिंग पात्र अभ्यासक्रमांत नावानिशी आहे. शाखेत ‘हा कोर्स बसत नाही’ असं उत्तर मिळालं तर तिथे थांबू नका. योजनेचं परिपत्रक दाखवा किंवा शैक्षणिक कर्जाची फाइल नेहमी हाताळणाऱ्या मोठ्या शाखेत जा. साडेसात लाखांवरच्या रकमेला तारण लागतं. देशातल्या शिक्षणासाठी मार्जिन (खर्चातला तुमचा स्वतःचा वाटा) ५ टक्के, परदेशी शिक्षणासाठी १५ टक्के. परतफेडीला १५ वर्षांपर्यंत मुदत, आणि कोर्सचा काळ अधिक एक वर्ष मोरेटोरियम (हप्ता न भरण्याची सवलत). या काळात व्याज सरळ व्याजाने धरतात, आणि तुम्ही ते दरमहा भरत गेलात तर काही बँका दरात एक टक्का सूट देतात. ती मंजुरीपत्रात लिहून घ्या. विनातारण पीएम-विद्यालक्ष्मी योजनेवर भिस्त ठेवू नका. ती निवडक उच्च शिक्षणसंस्थांच्या यादीपुरती आहे.

तारणाची बाजू महाराष्ट्रात अनेकांना नडते. गावाकडे दहा एकर बागायत असली तरी बँक सहसा ती धरत नाही, कारण सरफेसी कायद्यातून (कोर्टात न जाता तारण जप्त करून वसुली करू देणारा कायदा) शेतजमीन वगळलेली आहे आणि कर्ज थकलं तर बँकेला त्या मार्गाने वसुली करता येत नाही. एनए प्लॉट चालतो. गावठाणातलं घर फक्त ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर असेल तर वकिलाच्या सर्च रिपोर्टमध्येच गाडी अडते. शहरातला फ्लॅट सगळ्यात सोपा, पण भोगवटा प्रमाणपत्र, नोंदणीकृत करार आणि सोसायटीचं ना-हरकत पत्र हाताशी हवं. फ्लॅटवर आधीच गृहकर्ज असेल तर दुसऱ्या बँकेचं शैक्षणिक कर्ज त्यावर बसवणं अवघड. त्याच बँकेत विचारा.

करिअर बदलणाऱ्याची खरी अडचण सहकर्जदाराची. विशीतल्या मुलामागे नोकरदार आई-वडील असतात. पस्तिशीत वडील बहुधा निवृत्त आणि तुम्ही स्वतः राजीनामा दिलेला. विवाहित अर्जदाराला पती, पत्नी किंवा सासू-सासरे सहकर्जदार म्हणून चालतात, हे अनेकांना माहीत नसतं. जोडीदाराचं तीन वर्षांचं आयकर विवरण व्यवस्थित असेल तर फाइल हलते. मंजुरीपत्र हातात येण्याआधी राजीनामा देऊ नका, आणि नोकरी सोडणार आहात हे बँकेपासून लपवूही नका. लपवलेली गोष्ट पुढच्या हप्त्याच्या वेळी वर येते. गृहकर्जावरच्या टॉप-अपचा व्याजदर कमी दिसतो, पण त्याचा ईएमआय लगेच सुरू होतो आणि व्याजावर आयकरातली कलम ८०ई ची वजावट मिळत नाही. शैक्षणिक कर्जावर ती आठ वर्षांपर्यंत मिळते, तीही जुन्या करप्रणालीतच. एनबीएफसीकडून (बँक नसलेल्या वित्तसंस्थेकडून) घेणार असाल तर ती संस्था ८०ई साठी अधिसूचित आहे का, ते आधी पाहा.

हप्त्याचं गणित आधीच करून ठेवा. ५० लाख, ११ टक्के, १५ वर्षं: ईएमआय सुमारे ५६,८००. पण हा आकडा फसवा आहे, कारण मोरेटोरियमचं व्याज त्यात नाही. रक्कम दोन वर्षांत समान टप्प्यांनी उचलली आणि पुढे एक वर्ष गेलं, तर सुमारे ११ लाख व्याज साचतं. मुद्दल ६१ लाख झालं की ईएमआय ६९,३०० च्या घरात. तेच ५० लाख पहिल्याच दिवशी संस्थेने घेतले तर व्याज साडेसोळा लाख आणि ईएमआय साडेपंचाहत्तर हजार. म्हणून ‘एकरकमी फी भरा, दोन लाख सूट’ या प्रस्तावाला कर्जदाराने नाही म्हणावं. त्या सूटीपेक्षा व्याज जास्त जातं, आणि संस्था डबघाईला आली तर सगळी रक्कम अडकते.

बँक पैसे थेट संस्थेला देते, प्रत्येक टप्प्याला मागणीपत्र बघून. इथे गाठ सुटते. संस्थेचं वेळापत्रक ‘प्रवेशाला अमुक, तीन महिन्यांनी तमुक’ असं तारखांवर असतं, आणि बँकेला हवी असते प्रगती. तुमचे ४० तास झालेले असताना संस्था १२० तासांचे पैसे मागते, बँक अडवते, तोवर विमानाच्या यादीतून तुमचं नाव खाली सरकतं. यावर उपाय एकच: प्रवेशाआधी संस्थेकडून तासांना बांधलेलं वेळापत्रक लेखी घ्या (सोलो म्हणजे एकट्याने केलेलं उड्डाण, ५० तास, १०० तास, क्रॉस-कंट्री म्हणजे दूरच्या विमानतळापर्यंतची उड्डाणं पूर्ण, मल्टी-इंजिन) आणि तेच बँकेच्या मंजुरीपत्राला जोडा. कोर्सचा कालावधीही जपून लिहून घ्या. संस्था पत्रकात १४ महिने छापते, बँक त्यावरून मोरेटोरियम ठरवते, आणि प्रशिक्षण दोन वर्षांवर गेलं की तुमच्याकडे परवाना नसताना हप्ता सुरू होतो. कोर्स वेळेत संपला नाही तर दोन वर्षांपर्यंत मुदतवाढीची तरतूद योजनेत आहे. ती मुदत संपण्याआधी, संस्थेच्या पत्रासह मागायची असते.

कोटेशनवर जीएसटी लावलेला दिसला तर विचारा. सप्टेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेनंतर डीजीसीए-मान्य एफटीओंचे (उड्डाण प्रशिक्षण संस्थांचे) मान्यताप्राप्त उड्डाण अभ्यासक्रम करमुक्त असल्याचा खुलासा झालेला आहे. ५० लाखांवर १८ टक्के म्हणजे नऊ लाख होतात.

आता संस्था. महाराष्ट्रात गोंदिया, बारामती, धुळे, शिरपूर, जळगाव, नागपूर इथे प्रशिक्षणाची केंद्रं आहेत. बॉम्बे फ्लाइंग क्लब तर १९२८ चा, त्याचं सीपीएल प्रशिक्षण धुळ्याला चालतं. नाव आणि वय बघून मात्र निवड करू नये. डीजीसीएने ऑक्टोबर २०२५ पासून एफटीओंची क्रमवारी सुरू केली आहे, आणि पहिल्या यादीत वरच्या दोन्ही श्रेणी रिकाम्या राहिल्या. यादी जरूर बघा, पण त्याहून उपयोगी एक भागाकार आहे.

संस्थेला विचारा: गेल्या सहा महिन्यांत सगळ्या विमानांनी मिळून महिन्याला किती तास उड्डाण केलं, आणि आज उडणारे विद्यार्थी किती? समजा हँगरमध्ये आठ विमानं आहेत, उडण्याजोगी पाच, प्रत्येकी महिन्याला ६० तास. म्हणजे ३०० तास. विद्यार्थी ६० असतील तर वाट्याला पाच तास. २०० तासांना ४० महिने. सोळा महिन्यांत संपवायचं तर महिन्याला साडेबारा तास हवेत, म्हणजे त्या ताफ्याला २४ विद्यार्थीच झेपतात. हा आकडा सांगायला जी संस्था टाळाटाळ करते तिथे पैसे भरू नयेत. पूर्ण रक्कम उचलल्यावर उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज सुमारे ४६,००० पडतं, खोली-मेस वेगळी. चार लाखांनी स्वस्त संस्था आठ महिने जास्त घेत असेल तर ती महागच आहे, बुडालेला पगार न मोजताही.

विमानं का थांबतात तेही समजून घ्या. ५० आणि १०० तासांची तपासणी ठरलेली असते. देखभाल स्वतःची असेल तर विमान लवकर परत येतं, बाहेरच्या कंपनीवर अवलंबून असेल तर रांगेत लागतं. विद्यार्थ्याच्या चुकीच्या लँडिंगने प्रॉपेलर जमिनीला लागला की इंजिन उघडून तपासावं लागतं आणि ते विमान दीर्घकाळ जमिनीवर बसतं. सुटे भाग बाहेरून येतात. त्यात पावसाळा: जून ते सप्टेंबर ढग खाली असतात, दृश्यमानता पाच किलोमीटरखाली गेली की सर्किटही (धावपट्टीभोवतीच्या सरावाच्या फेऱ्या) थांबतं. म्हणून मेमध्ये प्रवेश घेऊन जूनमध्ये वसतिगृहात जाण्यात अर्थ नाही. ऑक्टोबरमध्ये उडायला सुरुवात होईल असं बघा. धावपट्टीवर रात्रीचे दिवे आहेत का, हेही विचारा. नसतील तर परवान्याला लागणारे रात्रीचे पाच तास आणि दहा टेक-ऑफ, दहा लँडिंग दुसऱ्या विमानतळावर जाऊन करावी लागतात आणि पुष्कळांची फाइल तिथेच रेंगाळते. या अटीला आणि स्किल टेस्टला सहा महिन्यांचं बंधन असल्याने रेंगाळणं म्हणजे काही उड्डाणं पुन्हा, पुन्हा पैसे.

परवान्याला २०० तासांच्या आत हवेत १०० तास पीआयसी (पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असलेले), २० तास क्रॉस-कंट्री पीआयसी, त्यात दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून केलेलं ३०० सागरी मैलांचं उड्डाण, आणि किमान दहा तास इन्स्ट्रुमेंट (बाहेर न बघता उपकरणांवरून उडवणं). लॉगबुकची बेरीज दर आठवड्याला करा. अखेरीस पीआयसी ९८ निघाले तर ते दोन तासही विमानाच्या रांगेत उभं राहून मिळवावे लागतात.

नोकरी चालू असताना उरकता येण्यासारखं बरंच आहे, आणि नोकरदाराला मिळणारा हा सगळ्यात मोठा फायदा आहे. आधी क्लास २, मग क्लास १ मेडिकल. ते हातात येईपर्यंत कोणालाही एक रुपया देऊ नका. चष्मा चालतो, रंगांधळेपणा अडवतो. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित नसेल तर एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून) ते दोन विषय देता येतात. डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर (परीक्षेसाठीचा नोंदणी क्रमांक) काढताना बोर्डाकडून गुणपत्रिकेची पडताळणी लागते, जुनी गुणपत्रिका असेल तर त्याला वेळ जातो. नंतर एअर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल. प्रत्येकात ७० टक्के. शनिवार-रविवारच्या क्लासवर हे पेपर निघतात. सगळे पास होऊन संस्थेत गेलेला विद्यार्थी फक्त उडतो. बाकीचे उडण्याच्या चांगल्या सकाळी नेव्हिगेशनची गणितं करत बसतात.

परदेशी वाट वेगाने संपते, पण मार्जिन जास्त, रुपया घसरला की मंजूर रक्कम अपुरी, आणि परत आल्यावर परवाना रूपांतर: नेव्हिगेशन-मेटचा संयुक्त पेपर, रेग्युलेशन्स, इथल्या विमानावर स्किल टेस्ट, मूळ परवान्याची पडताळणी. अमेरिकेत प्रशिक्षक शेजारी असतानाही, विमानाचं रेटिंग असेल आणि कंट्रोल विद्यार्थ्याच्या हातात असतील तर तो वेळ पीआयसी म्हणून नोंदवता येतो. डीजीसीए तो ड्युअल (प्रशिक्षकासोबतचा) धरते. लॉगबुकमध्ये १३० तास पीआयसी घेऊन आलेल्याचे इथे ऐंशी मोजले जाऊ शकतात. तिकडे जाणार असाल तर १०० तास निव्वळ सोलोचे मोजा.

ओबीसी, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योतीने (या प्रवर्गांसाठीची राज्य सरकारची प्रशिक्षण संस्था) नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत सीपीएल प्रशिक्षणाची योजना काढली होती. पात्र असाल तर जाहिरातीवर लक्ष ठेवा, वयाची अट आधी वाचा.

टाइप रेटिंगसाठी मात्र कर्ज आधी घेऊ नका. इंडिगोचा मुख्य ताफा एअरबसचा, आकासा आणि एअर इंडिया एक्स्प्रेसकडे बोइंग ७३७. अंदाजाने एक निवडलं आणि भरती दुसऱ्या ताफ्याची निघाली, तर १५-२० लाख गेले आणि सिम्युलेटरवरचा सरावही शिळा होतो. एअरलाइनची लेखी परीक्षा आणि मुलाखत पार झाल्यावर, कोणत्या विमानावर घेणार ते पत्रात आल्यावर रेटिंग करा. तोपर्यंत इन्स्ट्रुमेंट रेटिंग चालू ठेवायला वर्षाला पैसे लागतात. तेवढे आणि सहा महिन्यांचे हप्ते कर्जाबाहेर, वेगळ्या खात्यात राखून ठेवा. एअरलाइनमध्ये गेल्यावरही प्रशिक्षणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत बऱ्याचदा पूर्ण पगार नसतो, मानधन असतं, आणि पहिला ईएमआय नेमका त्याच काळात येतो.