कोरियन सणांचा ऑनलाइन कोर्स केला, त्याबद्दल थोडं

दीड वर्ष कोरियन शिकतेय, म्हणून सणांवरचा हा सहा आठवड्यांचा कोर्स घेतला आणि पैसे वसूल झाले. सगळ्यात भारी सोल्लालचा भाग, म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष, तीन दिवस सुट्टी असते, मोठ्यांना वाकून नमस्कार करतात त्याला सेबे म्हणतात, मॅडमनी कॅमेऱ्यासमोर करून दाखवलं, बायकांचा उजवा हात डाव्यावर आणि पुरुषांचा डावा उजव्यावर, आणि मग म्हणायचं 'सेहे बोक मानी बादुसेयो', म्हणजे नव्या वर्षात भरपूर सुदैव लाभो. त्या एका वाक्याने शेवटचं आदरार्थी 'सेयो' माझ्या डोक्यात पक्कं बसलं, पुस्तकाने महिनोन्महिने जमलं नव्हतं!

छुसोकला, म्हणजे त्यांच्या सुगीच्या सणाला, सोंगप्योन करतात, तांदळाच्या पिठाची पारी, आत तीळ नाहीतर मूग, आणि पाइनच्या पानांवर वाफवायचं. अगदी आपल्या उकडीच्या मोदकाची आठवण झाली.

तक्रार एकच, ९ ऑक्टोबरच्या हंगुल (कोरियन लिपी) दिनाला जेमतेम दहा मिनिटं दिली. अहो, राजा सेजोंगची लिपी १४४६ ला जाहीर झाली, त्या दिवसाची सुट्टी १९९१ पासून बंद होती ती २०१३ ला परत मिळाली, भाषा शिकणाऱ्यांना हे तर निवांत सांगायला हवं ना. तरी बिनधास्त घ्या, फक्त लिपी आधी येऊ दे.