रिकामी रात्र मागून घ्या: दिवेआगर-श्रीवर्धनच्या कॉटेजेसची २०२०ची सेवा

दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर या पट्ट्यातली घरगुती कॉटेजेस कोरोनाच्या टाळेबंदीनंतर २०२०च्या अखेरीस पुन्हा भरू लागली. परवानगी तशी ८ जुलै २०२० पासूनच होती, पण ३३ टक्के क्षमतेची. चार खोल्यांच्या निवासाला ३३ टक्के म्हणजे एकच खोली. एका खोलीसाठी स्वयंपाकघर चालवणं आणि कामाला मावशी बोलावणं कुणालाच परवडत नव्हतं. त्यात ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळाने हीच किनारपट्टी झोडपून काढली होती. माडा-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, कौलं उडाली, कित्येक दिवस वीज नव्हती. २ सप्टेंबरला पूर्ण क्षमतेची परवानगी मिळाली, त्याच दिवशी जिल्ह्याबाहेर प्रवासाला लागणारा ई-पासही गेला. दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, देवळं उघडल्यावर हरिहरेश्वरचे भाविकही परतले. खरा हंगाम तिथून सुरू झाला. हे परीक्षण कुठल्या एका घराचं नाही. या पट्ट्यात तेव्हा साधारण काय मिळत होतं, त्याचं आहे.

आधी निकाल सांगतो. जागा आणि जेवण यांत ही घरं शहराजवळच्या कुठल्याही रिसॉर्टपेक्षा सरस आहेत: बैठी बांधणी, प्रत्येक खोलीला अंगणात उघडणारं दार, लिफ्ट नाही, लॉबी नाही. साथीच्या दिवसांत याहून चांगली रचना मुद्दाम बांधूनही मिळाली नसती. स्वच्छतेत मेहनत भरपूर होती, पण ती बरीचशी चुकीच्या जागी खर्च व्हायची. आणि पाहुणा इथे असताना आजारी पडला तर काय, याची तयारी बहुतेक ठिकाणी नव्हतीच.

साथीत पाहुण्यांचे फोनवरचे प्रश्न बदलले. पूर्वी एसी आहे का आणि समुद्र किती लांब, एवढ्यावर बुकिंग व्हायचं. मग विचारू लागले: आमच्या आधी खोलीत कोण होतं, कधी गेलं? दार वेगळं आहे ना? जेवायला सगळ्यांना एकत्र बसवता का? आमची सोसायटी रुग्ण सापडून सील झाली तर ॲडव्हान्सचं काय? यावर "सगळं सॅनिटाइझ केलेलं आहे हो, काळजी नको" असं उत्तर मिळालं, तर चारांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही हे ओळखावं आणि पुन्हा विचारावं. मालकांनीही याचा राग मानू नये. माणूस म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन येतोय, तो विचारणारच.

या सगळ्यात पाहुण्याला खरोखर उपयोगाची गोष्ट कुठली, तर दोन बुकिंगांमधली रिकामी रात्र. सकाळी दहाला एकाने खोली सोडली आणि बाराला दुसऱ्याला दिली, तर मधल्या दोन तासांत मावशी त्याच कोंडलेल्या हवेत झाडू मारतात, चादरी झटकतात आणि नवा पाहुणाही त्याच हवेत शिरतो. बोलण्या-खोकण्यातून उडालेले बारीक थेंब बंद खोलीत रेंगाळतात. त्यावरचा उपाय साधा आहे. पाहुणा गेला की समोरासमोरच्या खिडक्या आणि दार उघडायचं, पंखा लावायचा, निदान अर्धा तास कुणी आत जायचं नाही, मग सफाई करायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खोली उघडीच ठेवायची. प्रयोगशाळेत प्लास्टिक आणि स्टीलवर हा विषाणू तीन दिवसांपर्यंत सापडला हे खरं, पण त्याचं प्रमाण तासागणिक घटत जातं. पुसणं अधिक एक रिकामा दिवस, एवढ्याने धोका पुष्कळ उतरतो.

मालकाला यात तोटा आहे, हेही मान्य करायला हवं. दोन रात्री पाहुणा आणि एक रात्र रिकामी असा फेरा धरला, तर महिन्याच्या ३० रात्रींपैकी २० विकल्या जातात. एकेका रात्रीची बुकिंगं घेतली तर १५च. म्हणून "किमान दोन रात्री" अशी अट कुणी घातली तर ती अडवणूक समजू नये, उलट ते घर नीट चाललंय याची ती खूण आहे. चार खोल्यांची घरं दुसरा मार्गही काढतात: दोन खोल्या भरलेल्या, दोन वाऱ्यावर, मग अदलाबदल. सगळ्यांत उत्तम म्हणजे दहा-बारा जणांच्या एकाच कुटुंबाने अख्खं घर घेणं. तेव्हा एवढंच विचारून घ्यावं की मालकांचं कुटुंब त्याच घरात राहतं का, आणि विहीर, मोरी यांतलं सामायिक काय आहे.

खिडकी उघडी ठेवायची म्हटलं की या भागात डास आडवे येतात. वाडीला रोज शिंपण असतं, त्यामुळे सूर्य कलला की डासांचा मारा सुरू होतो. खिडकीला जाळी नसेल तर पाहुणा संध्याकाळी सहाला सगळं लावून घेतो आणि रात्रभर चार माणसं त्याच हवेत झोपतात. दारात पायाने दाबायचा सॅनिटायझर स्टँड नवा कोरा आणि खिडक्यांना मात्र जाळ्या फाटलेल्या, असं चित्र फार ठिकाणी दिसत होतं. मालकांनी पैसे आधी जाळीवर घालावेत. एसीबद्दल आरोग्य मंत्रालयाच्या ४ जून २०२०च्या नियमावलीत २४ ते ३० अंश तापमान आणि बाहेरची ताजी हवा सांगितली होती. खोलीतला स्प्लिट एसी तीच हवा फिरवत राहतो, म्हणून तो लावायचा तर एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवावी. डिसेंबर-जानेवारीत रात्री इथे एसीची गरज तशीही पडत नाही.

आता जंतुनाशकाची फवारणी. पाठीवरचा पंप, धुराचं मशीन आणि त्याचा व्हिडिओ पाहुण्यांना पाठवायचा, ही २०२०ची नवी पद्धत होती. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच सांगितलं होतं की खोल्यांमध्ये अशी फवारणी करू नये. द्रावण सगळीकडे पोचत नाही, मळ असेल तिथे कामच करत नाही, आणि डोळ्यांना, श्वासाला त्रास देतं. उपयोग होतो तो फडक्याचा. आधी साबणाच्या पाण्याने मळ काढायचा, मग द्रावणात बुडवलेल्या फडक्याने पुसायचं आणि निदान एक मिनिट ते ओलं राहू द्यायचं. लगेच कोरडं केलं तर श्रम वाया.

द्रावणाच्या प्रमाणातही गोंधळ होता. बाजारातलं सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) बहुधा ५ टक्क्यांचं असतं. त्याचा एक भाग आणि पाण्याचे चार भाग घेतले की १ टक्का होतं. ते संडास, मोरी, फरशी यांना. कड्या, बटणं, नळ, खुर्च्यांचे हात यांना ०.१ टक्का पुरतं, म्हणजे लिटरभर पाण्यात २० मिलि. गावाकडे विहिरीत टाकायची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर सहज मिळते. ताज्या पावडरीत साधारण तेहतीस टक्के क्लोरीन असतं, तेव्हा लिटरला ३० ग्रॅम घेतली तर १ टक्का आणि ३ ग्रॅम घेतली तर ०.१ टक्का. ती नितळू देऊन वरचं पाणी वापरायचं, नाहीतर फरशीवर पांढरे ओघळ राहतात. अडचण अशी की कोकणातल्या दमट हवेत फोडलेलं पाकीट लवकर मरतं. वासच येत नसेल तर ती पावडर निकामी समजावी. द्रावण रोजचं रोज करायचं. पितळी कड्या, टीव्हीचा रिमोट, मोबाईल यांना ते लावू नये, तिथे ७० टक्के अल्कोहोल. आणि हे सर्वांत महत्त्वाचं: संडास धुवायच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत काम करणाऱ्या मावशींच्या जिवावर बेतू शकतं. मावशींना हातमोजे आणि हा इशारा दोन्ही मिळाले आहेत का, हे पाहुण्यानेही विचारायला हरकत नाही.

जांभ्याच्या भिंती आणि सारवलेलं अंगण पुसता येत नाही. ते तसंच राहू द्यावं, उन्हा-वाऱ्यातल्या जागेला वेगळं काही करावं लागत नाही. कापसाच्या गाद्यांचं मात्र बघावं. मार्चपासून बंद घर, त्यात पूर्ण पावसाळा आणि वादळात गळलेलं छप्पर, यांमुळे गाद्या आतून ओल्या राहिल्या. वर धुतलेली चादर, खाली बुरशीचा वास. दम्याच्या माणसाला इथे विषाणूआधी बुरशीच त्रास देईल. अशा गादीवर द्रावण मारून भागत नाही. दोन दिवस कडक ऊन, दोन्ही बाजूंनी, आणि तरी वास राहिला तर कापूस पिंजून घेणं किंवा गादी बदलणं. खोलीत शिरल्यावर उशी नाकाशी धरून बघा, गादीचा कोपरा दाबून बघा. शंका आली तर तेव्हाच बदलून मागा, रात्री दहाला मागितल्यावर दुसरी कुठून आणणार? महिनोन्‌महिने न वापरलेल्या नळांचं पाणीही पहिली पाच मिनिटं वाहू द्यावं. गीझर असेल तर आधी तो पूर्ण तापवून घ्यावा.

दारात ताप मोजायची थर्मल गन बहुतेक ठिकाणी होती, पण ती धरायचे मनगटावर. कपाळासमोर तीन ते पाच सेंटीमीटरवर धरायची. एसी गाडीतून उतरलेल्या माणसाचा आकडा कमी येतो, उन्हात चालून आलेल्याचा जास्त. पाच मिनिटं सावलीत बसवून मग बघावं. ताप नसलेला माणूसही आजार घेऊन फिरू शकतो, म्हणून या आकड्यावर फार विसंबू नये. रजिस्टरवर सगळ्यांनी एकाच पेनने सही करण्यापेक्षा आधारकार्डाचा फोटो आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवणं बरं, तोही पहिले आठ अंक झाकलेला.

जेवणाकडे येऊ, कारण अर्धी माणसं दिवेआगरला त्याच्यासाठीच येतात. पंगत मोडली आणि तिच्या जागी दोन गोष्टी आल्या: खोलीवर डबा किंवा पाळ्या. डबा सुरक्षित वाटतो, पण इथल्या जेवणाशी त्याचं जमत नाही. तांदळाची भाकरी डब्यात वाफेने चामट होते. आमटी, सोलकढी, वालाचं बिरडं निभावतं. उकडीच्या मोदकाचं तर फारच नुकसान होतं. झाकणाला आतून पाणी सुटतं, ते थेंब मोदकावर पडतात, पारी चिकट होते, कळ्या बसतात आणि उचलताना तळ फाटून सारण बाहेर येतं. डब्यातच न्यायचे असतील तर खाली केळीचं पान, वर दुसरं पान, झाकण थोडं सरकवलेलं आणि पाच मिनिटं वाफ जाऊ दिलेली, एवढं केलं तर टिकतात.

त्याहून पाळ्या बऱ्या. उघड्या पडवीत एका वेळी एकच कुटुंब, पाऊण तास, मग पंधरा मिनिटांची मोकळीक, मग दुसरं. चार कुटुंबांना चार तास लागतात हे खरं, तेव्हा दुपारची पहिली पाळी साडेअकराला धरावी लागते. लहान मुलं आणि मधुमेही असलेल्या घरांनी ती मागून घ्यावी. वाढणाऱ्या ताईंचा मास्क नाकावर हवा, हनुवटीवर नको, आणि पाहुण्यांनीही वाढून होईपर्यंत आपला काढू नये. गावातली माणसं शहरातून आलेल्यांच्या जवळ उभं राहायला घाबरायची, आणि ती भीती रास्त होती. ताटं साबण आणि गरम पाण्याने धुतलेली असली की पुरे. थर्माकोलच्या पत्रावळ्यांचा आग्रह धरू नये, त्या शेवटी वाडीत आणि समुद्रावर उडत जातात. केळीचं पान मिळालं तर उत्तमच.

वापरलेले मास्क कचऱ्याच्या डब्यात उघडे टाकू नयेत, कुत्री पिशव्या फाडतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०२०मधली सूचना ते कागदी पिशवीत ७२ तास ठेवून, मग कापून टाकायची होती. दोन रात्रींच्या मुक्कामात ७२ तास भरत नाहीत, म्हणून पिशवी बांधून परत घरी न्यावी.

सर्वांत कच्चा दुवा आजारपणाचा. दुसऱ्या रात्री कुणाला ताप चढला तर? दिवेआगरहून जवळच्या बोर्ली पंचतन गावाच्या पुढे, म्हणजे श्रीवर्धन किंवा म्हसळा गाठावं लागतं, आणि जिल्हा रुग्णालय अलिबागला. घाटरस्ता, रात्री गाडी कोण चालवणार? घरात रक्तातला ऑक्सिजन मोजायचा ऑक्सिमीटर आहे का? (मेंदी किंवा नेलपॉलिश असलेल्या बोटावर तो चुकतो, थंड बोटावरही. बोट चोळून गरम करावं, अर्धा मिनिट थांबून आकडा वाचावा, ९५च्या खाली राहिला तर सकाळची वाट बघू नये.) एक खोली राखीव आहे का? मुक्काम लांबला तर त्या रात्रींचं भाडं काय? फार थोड्या मालकांनी याचा विचार केलेला दिसला. ज्यांनी केला ते डॉक्टरांचा आणि गाडीवाल्याचा नंबर खोलीच्या दारामागे चिकटवायचे. दोन ओळींचा कागद, पण त्या घराला त्यासाठी जास्त गुण द्यावेत.

ॲडव्हान्सचंही तसंच. निम्मी रक्कम आधी घेण्याची रीत आहे आणि वादळानंतर घर उभं करणाऱ्याला ती लागायचीच. पण आपला भाग सील झाला, घरात कुणी पॉझिटिव्ह निघालं किंवा सरकारनेच पुन्हा बंदी घातली, या तीन वेळी पैसे परत की तारीख बदलून, आणि बदललेली तारीख किती महिने चालेल, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावं. तोंडी "बघू की नंतर" वर पैसे पाठवू नयेत. आपणही आदल्या दिवशी घसा धरला असेल तर लपवून निघू नये.

फोन केलात तर आधीची खोली कधी रिकामी होते ते विचारा, खिडकीला जाळी आहे का ते विचारा, आणि मोदक हवे असतील तर आदल्या संध्याकाळीच नग सांगून ठेवा, पाळी कितीची आहे हेही त्याच वेळी ठरवून घ्या.