रक्त द्यावे की नुसत्या प्लेटलेट?

दाता म्हणून नाव नोंदवताना हा प्रश्न अनेकांना पडतो. उत्तर बरेचसे त्या पेशींच्या घडणीतच आहे.

तांबडी पेशी म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यभागी दबलेली, ७ ते ८ मायक्रोमीटर व्यासाची चकती. केंद्रक नसल्याने तिच्यात हिमोग्लोबिन ठासून भरलेले असते आणि प्राणवायू वाहून नेताना आपल्याहून अरुंद केशवाहिनीतूनही ती दुमडून पुढे सरकते. शीतपेटीत, योग्य द्रावणात, ती ४२ दिवसांपर्यंत टिकते. प्लेटलेट मात्र पूर्ण पेशीच नव्हे, तर अस्थिमज्जेतील महाकाय पेशीचा २ ते ३ मायक्रोमीटरचा, चकतीसारखाच तुकडा. जखम होताच या चकत्यांना काटे फुटतात आणि एकमेकींना चिकटून त्या भोक बुजवतात. त्यांना थंडी मानवत नाही: २० ते २४ अंश सेल्सिअसला, सतत हलवत ठेवूनही त्या जेमतेम ५ दिवस वापरता येतात. पिवळसर पिशवी उजेडासमोर धरून हलकेच फिरवली की आत रेशमी झाक भोवऱ्यासारखी वळताना दिसते; चकत्यांचा आकार शाबूत असल्याची ती खूण. (पांढऱ्या पेशी रुग्णाला सहसा नकोच असतात; त्यांच्यामुळे ताप येऊ शकतो, म्हणून शक्य तिथे त्या गाळून काढतात.)

संपूर्ण रक्तदानात ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त दहाएक मिनिटांत घेतले जाते. त्यानंतर पुरुषांनी ९०, तर स्त्रियांनी १२० दिवस थांबायचे असते. प्लेटलेटदानात रक्त यंत्रातून फिरून तांबड्या पेशी अंगात परततात, म्हणून ४८ तासांनीही पुन्हा देता येते, पण आठवड्यात दोनदा आणि वर्षात २४ वेळा ही मर्यादा आहे. त्यासाठी दीडएक तास पडून राहावे लागते, रक्त गोठू नये म्हणून यंत्रात मिसळल्या जाणाऱ्या सायट्रेटमुळे ओठांना मुंग्या येतात (कॅल्शियमची गोळी त्यावर पुरते), आणि आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन चालत नाही. मात्र एका दात्याची ही पिशवी साध्या रक्तातून वेगळ्या केलेल्या पाच-सहा पिशव्यांचे काम करते.

पहिल्यांदाच देणाऱ्याने संपूर्ण रक्त द्यावे, असे मी सुचवेन. त्याच पिशवीतून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट असे तिन्ही घटक निघू शकतात. प्लेटलेटसंख्या दीड लाखांच्या वर असेल आणि घराजवळ कर्करोगाचे मोठे रुग्णालय असेल, तर दुसरा पर्याय अधिक उपयोगी, कारण केमोथेरपीच्या रुग्णांना प्लेटलेट बाराही महिने लागतात. हाताची शीर बारीक असल्यास मात्र हट्ट धरू नये. यंत्राला जाड, सरळ शीरच लागते.